राजाला आणायला कोण जाणार

मिशी उतरवून मी चहाचा पहिला घोट घेतला, एवढ्यात शालू राजपुत्राच्या वेषात रंगपटात आली आणि माझ्यासमोर नुसती उभी राहिली.

"तू हय काय करतंस गो?" मी म्हटलं. "तुजो विडो उचलूचो टायम झालो."

"उचललो," शालू म्हणाली.

"आणि परत इलंस? मग रानात कोण जातलो?"

"मिया नाय उचलूक. कुमुदवयनीन उचलल्यान."

मला आधी हसूच आलं. कुमुद म्हणजे आमची महाराणी. महाराणीने विडा उचलायचा नसतो, तिने डोळ्याला पदर लावून बाजूला व्हायचं असतं. विडा उचलतो तो राजपुत्र. शालूने त्यासाठी चार दिवस आरशासमोर उभं राहून छाती पुढे काढायचा सराव केला होता, आणि आता ती बिचारी कमरेची तलवार हाताने सावरत माझ्याकडे बघत होती.

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात लिहिलेलं नाटक नसतं. प्रयोगाआधी गोष्ट सांगतात, कोण काय होणार ते ठरतं, आणि एकदा पायपेटी वाजायला लागली की बोलणं ज्याचं त्याने तिथल्या तिथे उभं करायचं. आम्हाला शिकवलं भाऊमामांनी. जन्मभर राजे आणि राक्षस केलेला माणूस. त्यांनी दोनच गोष्टी डोक्यात घातल्या. रंगमंचावर तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा नाही. समोरचीने तुला बहीण म्हटलं की तू बहीण झालीस, मग गोष्ट उलटीपालटी झाली तरी चालेल. आणि शब्द संपले तर डोळ्यांनी बघितलेलं सांगायचं, कारण बघितलेलं माणसाला कधी कमी पडत नाही.

आम्ही सगळ्या काजूच्या कारखान्यातल्या बायका. दिवसभर काजूगरांची सालं काढायची आणि संध्याकाळी देवळाच्या मंडपात तालीम. मंडळाची मालकीण रुक्मिणकाकी, तीच प्रधान व्हायची. मी राजा. उंच आहे, आवाज मोठा आहे, आणि खरं सांगायचं तर मला हुकूम सोडायला आवडतो. त्या वर्षी तालुक्याच्या गावी बायकांच्या दशावताराची स्पर्धा होती, नाट्यगृहात, भर दुपारी. आमचं आख्यान होतं 'मायाबंदी'. वीरकेतू राजा शिकारीला जातो, तांबड्या रानातली मायावती त्याला मंत्र घालून दगड करून ठेवते, आणि त्याला सोडवायला कोण जाणार म्हणून प्रधान भरसभेत तबकात पैजेचा विडा ठेवतो. सुरुवातीला रुबाबात यायचं, मग शेवटपर्यंत रंगपटात बसून चहा प्यायचा आणि शेवटी दगड होऊन बाकड्यावर बसायचं, एवढंच माझं काम. मी त्यावरून काकीशी भांडले होते.

ही गोष्ट आम्ही कारखान्यात इतकी चघळली होती की विचारू नका. हात कामात, तोंड मोकळं. रोज कोणीतरी विचारायचं, आज राजाला आणायला कोण जाणार? काकी राजाच्या आईला धाडायची, हातात हिराची झाडू देऊन. "मायावतीक नाय, पयल्यान झिलाक झोडपतली," म्हणायची. मायावती होणारी प्रतिभा न्हाव्याला पाठवायची, कारण इतक्या दिवसांत राजाची दाढी वाढली असणार. शालू हत्तीला पाठवायची, एकट्याला, माहुताशिवाय. कुमुदने एकदा राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीला पाठवलं होतं. तिने तांबड्या रानाच्या कडेला चूल मांडली, सुकटीचं तिखलं शिजवलं, आणि वास आल्याबरोबर दगड उठून पानावर येऊन बसला. आम्ही त्या दिवशी इतक्या हसलो की मुकादम ओरडायला आला.

"वैजू, तू कोणाक धाडतंस?" सगळ्या मला विचारायच्या.

"कोणाक नाय," मी म्हणायचे. "राजा आपल्या पायांनी येतलो."

त्यावर सगळ्या खाली बघून काजू सोलायला लागायच्या, कारण माझा नवरा अंकुश बोटीवर होता आणि परत आला नव्हता. म्हणजे गावाला तो बोटीवर असल्याचं ठाऊक होतं. माझ्या सासूलाही, जिला मी आये म्हणते. आये रोज उदबत्ती लावताना समुद्राचं नाव घ्यायची.

फक्त कुमुदला मी खरं सांगितलं होतं. कारखान्यातून येताना एकदा ओढ्यावरच्या साकवावर बसून. मला ते सरळ सांगता येईना, म्हणून मी गोष्टच सांगितली. म्हटलं, माझ्या गोष्टीत राणी जाते. कोणीतरी सांगतं, राजा वास्कोला दिसला. राणी एसटीने जाते, पत्ता शोधते, आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहते. तर राजा दगडबिगड काही झालेला नाही. तो लुंगी लावून केळीला पाणी घालतोय. एक बाई दारात येते, कडेवर मूल, आणि त्याला चहाला बोलावते. राणी रस्ता ओलांडत नाही. ती परत येते आणि राज्यात सांगते, महाराज जहाजावर आहेत, यायला उशीर होईल. एवढं सांगून मी कुमुदच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडले. तीही रडली. सातेरी देवीची शपथ घेऊन म्हणाली, "ह्या माज्या पोटातून भायर येवचा नाय." तेव्हापासून मी जरा हलकी झाले होते. आयेसमोर खोटं बोलताना निदान एक माणूस तरी आपलं खोटं जाणतं, याचाही आधार असतो.

आणि आता तीच कुमुद विडा उचलून तांबड्या रानाकडे निघाली होती.

काकी प्रधानाच्या पगडीत आत आली. घामाने तिची गंधाची रेघ नाकावर ओघळली होती.

"तुमचा दोघींचा ठरलेला काय ह्या?"

"नाय काकी. आयेशपथ."

"आधीच्या तिन्ही मंडळांत राजपुत्रच गेललो. परीक्षक जांभया देत होते. ता बघून हिच्या अंगात संचारला," काकी म्हणाली. "बोललेलो शब्द आता मागे जाणा नाय. तू जा, बस बाकड्यार. सांभाळून घे."

मी मिशी चिकटवली आणि पडद्यामागून जाऊन बाकड्यावर बसले. हात मांडीवर, नजर समोर, दगड. पडदा सरकला. पहिल्याच रांगेत आये बसली होती. ती आमचा एकही प्रयोग चुकवायची नाही. लेकाच्या जागी सून राजा होते याचं तिला भारी कौतुक.

कुमुद आली. मान्य करते, काय दिसत होती ती. प्रतिभा मायावतीच्या वेषात पुढे झाली, तर कुमुदने तिला हातानेच थांबवलं.

"मायावती, तुझ्याशी माझं भांडण नाही. तू घरात जा. तुझं दूध उतू जातंय."

प्रतिभा गोंधळली, माझ्याकडे बघितलं, आणि गेली आत. लोक हसले. कुमुद माझ्यापासून लांब, रंगमंचाच्या अगदी टोकाला उभी राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "मी ऐकलं होतं, आपण दगड झालात. म्हणून मी काट्याकुट्यांतून आले. पण दगड केळीला पाणी कसा घालतो?"

माझी नजर समोरून ढळून तिच्याकडे गेली. लोकांना मात्र हसू आवरेना.

"दगडाला चहाची हाक ऐकू येते, महाराज? कडेवरचं मूल दगडाकडे बघून हात पसरतं?" आता हसू थांबलं होतं. पेटीवाल्याने सूर खाली आणला. "नाही, मी हा रस्ता ओलांडणार नाही. मी इथूनच परत जाते. आणि राज्यात सांगते, महाराज जहाजावर आहेत. यायला उशीर होईल."

माझे शब्द. माझ्या तोंडचे, साकवावरचे, जसेच्या तसे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दिव्यांच्या उजेडात मला पहिली रांग दिसत होती. आयेच्या हातात पानाची चंची होती, आणि पान लावता लावता तिचा हात थांबला होता.

मी बोलायचं, ही माझी पाळी होती. राजा म्हणून काहीही म्हणता आलं असतं. राणी, ही सगळी माया आहे, मी बंदिवान आहे, मला सोडव. तेवढं म्हटलं असतं की आयेचा जीव भांड्यात पडला असता आणि सगळं सावरलं असतं. पण मला इतका राग आला होता की दातखीळ बसली. म्हटलं, बोल आता. तूच विडा उचलला आहेस, तूच बोल. मी दगडासारखी बसून राहिले.

कुमुद वाट बघत होती. पेटी एकच सूर धरून होती. मी बोलेना. दशावतारात रिकामी जागा फार वाईट, लोकांना ती लगेच कळते. कुमुदच्या कपाळावर घाम आला. तिने एक पाऊल टाकलं, परत मागे घेतलं, आणि शब्द संपलेला माणूस करतो तेच तिने केलं. बघितलेलं सांगायला लागली.

"काय सुख आहे या घरात, महाराज. दारात हिरवी चौकट. आत शिरलं की डाव्या हाताला झोपाळा, त्याची एक कडी कुरकुरते. समोरच्या भिंतीवर सासूबाईंचा फोटो. हिरवं लुगडं, नाकात नथ. आणि त्याला चंदनाचा हार. जिवंत आईला हार घातलात, महाराज, म्हणजे कोणी विचारायला नको."



मी त्या घरात कधी गेले नव्हते. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. मला केळी दिसली, दार दिसलं, बाई दिसली. झोपाळा मला ठाऊक नव्हता. फोटो मला ठाऊक नव्हता.

दगड उठला. मी उठून पुढे आले आणि राजाच्या आवाजात, जेवढा मोठा होता तेवढ्या मोठ्या आवाजात विचारलं, "महाराणी, आपण तर रस्ता ओलांडला नाहीत. मग आतली भिंत आपण कधी पाहिलीत?"

कुमुदच्या तोंडचं पाणी पळालं.  तिला कळलं आणि मला कळलं, आणि बोललेला शब्द परत घ्यायची सोय नव्हती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"रे, खयचो फोटो लावलंस?"

आये उभी राहिली होती. माझ्याकडे बघत होती. माझी मिशी, माझा मुकुट, माझ्या छातीवरची ती खोटी माळ, या सगळ्याकडे ती बघत होती आणि विचारत होती.

"तुज्या लग्नातलो मा? माजो एकच फोटो आसा हिरव्या लुगड्याचो. तो तू मागून घेवन गेललंस. बोटीर उशाशी ठेवतंय म्हणालंस."

लोक थोडं हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही बाई आमचीच, ठरवून खाली बसवलेली. आये टाळ्यांनी दचकली नाही. उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मी इतकी वर्षं तिला सांभाळलं होतं ते एका खोट्याच्या जोरावर. तेव्हाही एक खोटं सांगता आलं असतं. पण मी त्या माणसाचे कपडे घालून उभी होते, त्याच्या आईसमोर, आणि मला त्याची शिसारी आली. त्याच्या वतीने मी एक शब्द बोलणार नव्हते. मी मिशी ओढून काढली.

"माते," मी म्हटलं, "वीरकेतू मेला. त्याने तुम्हाला हार घातला त्याच दिवशी मेला. आता त्याची वाट बघू नका. मी त्याची बायको बोलतेय. मी आहे."

 आये हळूच खाली बसली आणि अर्धं लावलेलं पान चंचीत परत ठेवलं. काकीने शहाणपणा करून पडदा ओढायला लावला. नाट्यगृह टाळ्यांनी दणाणून गेलं.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. कुमुदला अभिनयाचं. परीक्षक भाषणात म्हणाले, पारंपरिक आख्यानात राजपुत्राऐवजी राणीला पाठवण्याची आणि प्रेक्षकांतून राजमाता उभी करण्याची कल्पना केवळ थोर. कुमुद नारळ आणि शाल घेऊन आली, माझ्याकडे न बघता.

 रंगपटात शालू उगाचच तलवार पुसत होती. काकीने सगळ्यांना चहाच्या निमित्ताने बाहेर काढलं. मी चेहऱ्यावरचा रंग तेलाने पुसत बसले. कुमुद आली, माझ्या शेजारी जमिनीवर बसली. तिच्या अंगावर अजून राणीची पैठणी होती.

"मी जहाजाच्या वाक्यार थांबतलंय होतंय," ती म्हणाली. "तू बोलाक नाय. माजे शब्द सरले."

"फोटो कधी बघलंस?"

ती शालीची घडी घालू लागली.

"कुमुद, मी विचारतंय."

"ह्यांच्यावांगडा गेललंय." तिचा नवरा वास्कोलाच गोदीत कामाला होता. "अंकुशभावजी आणि हे एकाच ठिकाणी कामाक. त्यांनी बोलावल्यानी. नाय कसा म्हणतलंय?"

"म्हणजे मी तुका साकवार सांगितलंय, त्याच्यानंतर?"

तिने मान खाली घातली. मी तिची हनुवटी धरून वर केली. माझ्या बोटांचं तेल तिच्या रंगात फासलं.

"आधी," ती म्हणाली. "वास्तुशांतीक गेललंय."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते. तिने माझ्या केसांतून हात फिरवला होता, बाई गो बाई म्हटलं होतं, शपथ घेतली होती. आणि त्याच्या आधीच ती त्या घरात पाटावर बसून जेवून आली होती. दर मे महिन्यात ती नवऱ्याकडे निघाली की मी आमसुलं बांधून द्यायचे, तिच्या घोवासाठी म्हणून, आणि ती म्हणायची, जरा जास्त घाल गो वैजू. ती आमसुलं कोणाच्या आमटीत पडत होती ते मला आता समजलं.

"कशाक सांगूक नाय माका?"

"सांगून काय झाला असता? तुजो संसार मोडलो असतो."

"मोडूक काय ठेवल्यान होता?"

"आणि अंकुशभावजींनी शपथ घातलेली."

"त्यांनी पण?" मी म्हटलं. "तू शपथा तरी किती जणांच्या पोटात घेतलंस?"

ती रडायला लागली. माझा तिच्या रडण्यावर विश्वास बसेना. हे रडणं मी आधीही बघितलं होतं, आणि फार चांगलं रडते ती.

दारात सावली पडली म्हणून मी वळले. आये उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी उठले, तिला धरायला पुढे झाले. मला वाटलं ती कुमुदला दोन शिव्या हासडणार. मला ते हवंही होतं. किंवा मला जवळ घेईल. ती माझ्या हाताखालून निघून कुमुदसमोर जाऊन उभी राहिली.

"वास्तुशांतीक जेवाण काय केल्ला?" तिने विचारलं.

कुमुदने पदराने डोळे पुसले.

"सांग गो. वडे केलेले काय? तेका वडे आवडतत."

"वडे होते," कुमुद म्हणाली. "काळ्या वाटाण्याची आमटी. खीर."

"खीर रव्याची?"

"शेवयांची."

"शेवयांची," आये म्हणाली, आणि रिकाम्या पेटाऱ्यावर टेकून कुमुदच्या शेजारी बसली. "आणि मूल? झील की चेडू?"

मी तिथेच उभी होते, अर्ध्या तोंडावर राजाचा रंग. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

याला आता बरीच वर्षं झाली. मंडळ मी त्याच दिवशी सोडलं, कारखाना सोडला नाही. कुमुद माझ्यासमोरच्या रांगेत बसते. आम्ही एकमेकींना मीठ मागतो, सुट्टीचं विचारतो. गोष्ट कोणी सांगत नाही.

आयेने बोटीचं नाव परत काढलं नाही. उदबत्ती लावताना समुद्राचंही नाही. पण त्या दिवसापासून मरेपर्यंत कुमुदच्या सुट्टीच्या दिवशी ती तिच्या ओट्यावर जाऊन बसायची. उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. काय विचारायची, मी कधी विचारलं नाही. मी चहा ठेवायच्या वेळेला ती परत यायची आणि काही न बोलता माझ्याजवळ बसायची. एकदाच, बशीत चहा ओतताना, तिच्या तोंडून निघून गेलं.

"तेचो झील डावखुरो आसा. तेच्यासारखोच."

मग माझ्याकडे बघून तिने बशी खाली ठेवली. मी तिच्या बशीत अजून थोडा चहा ओतला.